डाव्या गालाचं तेवढं बघ

९ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू तुला हवं तसं ऐकतोस, म्हणून हे पत्र. चाळीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी उभा राहून गाड्या रंगवल्यास, कान जाणारच. आई मात्र म्हणते की तू लहानपणीही असाच होतास, उगाच यंत्राला बोल लावू नका.

सोबतच्या खोक्यात एक डोकं आहे. मामीला आधी सांगून ठेव, नाहीतर ती किंचाळून बिल्डिंग गोळा करील. तेराव्या पहारेकऱ्याचं हेल्मेट आहे ते. आठवतो का तो सिनेमा? मी आठ वर्षांची होते, तू मला घेऊन गेलास आणि मध्यंतरानंतर घोरायला लागलास. त्यात अंतराळयानाच्या दारावर चौदा पहारेकरी असतात. हल्ला होतो तेव्हा बाकीचे पळतात, हा तेरावा जागचा हलत नाही. पडद्यावर जेमतेम चार मिनिटं असतो, बोलत तर अजिबात नाही. तेव्हापासून मला तो व्हायचंय. चौतीस वर्षांच्या बाईने हे लिहू नये, पण तुझ्यापासून काय लपवायचं?

दोन वर्षं खपून मी त्याचं सगळं चिलखत केलं. छाती, खांदे, पोटऱ्या फोमच्या शीटच्या. हेल्मेट आमच्या लॅबमधल्या प्लॅस्टरचा साचा करून त्यात ओतलं. दिवसभर लोकांचे दात बनवते, त्यामुळे मापाला मी कुणाला हार जात नाही. पण हौशी लोकांचं जे मंडळ आहे, त्याचे तीन परीक्षक पडद्यावरच्या फोटोशेजारी एकेक तुकडा ठेवून बघतात. हुबेहूब असेल तरच त्या सिनेमाच्या एप्रिलमधल्या खास खेळाला पहारेकरी म्हणून पडद्यासमोर उभं राहता येतं. एका पोशाखाला तीनच संधी. माझ्या दोन गेल्या. दोन्ही वेळा म्हणाले, बाकी सगळं चोख, हेल्मेटचा रंग हाताने ओढल्यासारखा दिसतो. तिसरी आणि शेवटची तपासणी वीस मार्चला आहे.

तेव्हा रंग तू मार. राखाडी अंग, कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळा पट्टा. फोटो जोडला आहे. आणि डाव्या गालाचं तेवढं बघ. फोटोत मी तिथे लाल गोल केला आहे.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, त्यावर दोन कोट जास्त चढव.

तुझी,
खटपटी


३० जानेवारी

चि. खटपटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खोकं मी सांगायच्या आत मामीने उघडलं. पुढचं तू लिहिलंस तसंच झालं. वरच्या मजल्यावरचे दोघं खाली आले होते.

काम झालं. स्प्रे गन निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कपाटातून काढली. हाताला विसर पडला असेल असं वाटलं होतं, पण हात शहाणा निघाला. तुझं साच्याचं काम पाहून छाती फुगली, तुझ्या आईलाही तसं कळव. एक शिवण म्हणून कुठे दिसत नाही.

डाव्या गालाचं तू म्हणालीस तसं बघितलं. किती भेगा गं त्या! खिळ्याने ओरखडल्यासारख्या. फोटोतही नेमका तोच भाग खराब, वर तुझा लाल गोल, म्हणजे चुकायला जागाच नव्हती. पॉलिश पेपर मारून सगळं साफ केलं, पुट्टी भरली, घासली आणि वर तीन कोट दिले. आता गालात तोंड दिसतं. मामीने त्यात बघून केस नीट केले. सिनेमावाल्यांनाही असं जमलं नव्हतं, हे तुझ्या त्या परीक्षकांना माझ्याकडून खुशाल सांग.

पार्सल काल निघालं. पसंत पडल्याचं दोन ओळींत कळव, मी इथे वाट बघतो आहे.

तुझा,
मामा


४ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. नमस्कार.

मामा, काय केलंस हे! बघ म्हणजे नीट बघून घे, तिथे चूक होऊ देऊ नकोस, एवढंच मला म्हणायचं होतं. त्या भेगा म्हणजेच तर तेरावा पहारेकरी. हल्ल्यात त्याच्या डाव्या गालावर ज्वाला आपटली तरी तो हलला नाही, ती ही खूण. भेगा नसतील तर तो बारावाही असू शकतो आणि चौदावाही. पळून गेलेल्यांपैकी कुणीही.

तू केलेलं काम इतकं सुंदर आहे की मला धड ओरडताही येईना. लॅबमध्ये खोकं उघडलं आणि प्लॅस्टरच्या पोत्यावर बसून रडले. गेले तीन दिवस पुन्हा बारीक ब्रशने भेगा काढून बघते आहे. नकाशातल्या नद्या दिसतात. आधी दोनदा नापास झाले ते अशाच नद्यांमुळे.

राग आला आहे, तो मनात ठेवत नाही, इथेच लिहून टाकते. सहा आठवडे उरले आहेत आणि हातात आरसा आहे.

बाकी क्षेम. लोभ कमी झालेला नाही, पण आज तो शोधावा लागतो आहे.

खटपटी


११ फेब्रुवारी

चि. खटपटीस,
मामीचे अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. फोन केला असता, पण यांच्यापायी मला ओरडून बोलायची सवय लागली आहे, सगळ्या जिन्याला कळलं असतं.

तुझं पत्र यांनी दोनदा वाचलं आणि घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं. मग म्हणाले की गॅरेजमध्ये गिऱ्हाईक आलं आणि दाराचं जरा बघा म्हणालं, तर उस्ताद काय नुसता बघत बसतो? पोचा काढायचा, ओरखडा भरायचा, हाच त्याचा अर्थ. त्यांचं अगदीच चुकलं असं मला वाटत नाही आणि तुझंही चुकलं नाही. पण संध्याकाळी यांनी स्प्रे गन वर्तमानपत्रात गुंडाळून भंगारात द्यायच्या पिशवीत टाकली. मी ती पिशवी पलंगाखाली सरकवून ठेवली आहे, काळजी करू नकोस.

आणखी एक गंमत सांगते. आमच्या कपाटामागे गाडीचं एक जुनं पांढरं बॉनेट आहे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. हे ज्यांच्या हाताखाली शिकले त्या उस्तादांचं गॅरेज बंद झालं तेव्हा यांनी ते घरी आणलं. का, म्हणून विचारलं की कामाचा पत्रा आहे म्हणतात. वीस वर्षं मी त्याची पाठच पुसते आहे. काल दुपारी मला बाहेर पाठवलं, परत येते तर हे बॉनेट ओढून त्याच्यासमोर बसलेले, हातात भिंग, मांडीवर तुझा फोटो. मला बघून घाईघाईने परत सरकवलं.

रात्री जेवताना म्हणाले, तिला हेल्मेट परत पाठवायला सांग आणि गालाचा मिळेल तेवढा मोठा फोटो. मी कारण विचारलं नाही. तूही विचारू नकोस, नुसतं पाठव.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
मामी


२ मार्च

चि. खटपटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मोठा फोटो मिळाला. आता नीट वाच. तुझ्या पहारेकऱ्यावर कसलीही ज्वाला आपटलेली नाही.

भेगांच्या कडा बघ. बाहेरून मार बसला तर कडा धारदार असतात आणि भेगा एका बिंदूपासून फुटतात. इथे कडा वर वळल्या आहेत आणि जाळं सगळीकडे सारखं आहे. दुसरं, पिवळ्या पट्ट्यापाशी जाळं एका सरळ रेषेत थांबतं. कुठलीही ज्वाला रंग आखायला लावलेली मास्किंग टेप पाहून थांबत नाही. हा रंगाऱ्याचा घोटाळा आहे. खालचा थर हळू वाळणाऱ्या रंगाचा होता, तो आतून कच्चा असतानाच वर झटपट वाळणारा कोट मारला. वरचा आवळला, खालचा सरकला, गाल फाटला. सिनेमावाल्यांना वेळ नसेल, तसाच उभा केला असेल. तू ब्रशने कितीही ओढल्यास तरी हे येणार नाही, कारण ते काढलेलं नाही, झालेलं आहे.

मला कसं कळलं, हेही सांगतो. चोविसाव्या वर्षी मी एका डॉक्टरांच्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट अगदी असंच फाडलं. उस्ताद थांब म्हणाले होते, मी थांबलो नाही. सकाळी सगळं बॉनेट जाळीदार. डॉक्टरांना दुसरं बसवून दिलं आणि ते उस्तादांनी भिंतीवर टांगलं, नव्या पोरांना दाखवायला. वीस वर्षं मी त्याच्याखालून ये-जा केली. गॅरेजमध्ये मला जाळीवाला म्हणायचे. घाई कसली होती, हे उस्तादांनी शंभरदा विचारलं, मी सांगितलं नाही. तुला सांगतो, कारण तुझं काम मी बिघडवलं आहे. त्या संध्याकाळी तुझ्या मामीला पहिल्यांदा भेटायचं ठरलं होतं. साडेपाचची वेळ होती आणि मला उशीर करायचा नव्हता. तिला हे माहीत नाही. बॉनेट काय आहे, हेही माहीत नाही.

तर आता तोच घोटाळा मुद्दाम करायचा होता. वाटलं होतं तेवढं सोपं गेलं नाही. डब्यांच्या सहा झाकणांवर करून पाहिला, सहाही झाकणं गुळगुळीत झाली. चूक करायची म्हटली की हात आपोआप थांबतो, खालचा कोट वाळेपर्यंत गन उचलतच नाही. काम चांगलं होतंय म्हणून मी जन्मात पहिल्यांदा चिडलो. शेवटी काय केलं ते लिहीत नाही, तू हसशील. पण सातवं झाकण फाटलं आणि परवा हेल्मेटही.

नऊ दिवस गालाला बोट लावू नकोस. आणि आरशाबद्दल माफी मागतो.

तुझा,
मामा


२१ मार्च

ती. मामास आणि ती. सौ. मामीस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पास! आधी तेवढंच वाचा, दोन घोट पाणी प्या आणि मग पुढे.

मी छाती, खांदे, पोटऱ्या सगळं चढवून उभी राहिले आणि हेल्मेट टेबलावर ठेवलं. मुख्य परीक्षक घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, गालाशेजारी फोटो धरला. मग त्यांनी नखाने एका भेगेची कड हळूच चाचपली आणि दुसऱ्या दोघांना जवळ बोलावलं. कुठला ब्रश, असं विचारलं. मी म्हटलं, ब्रश नाहीच. वीस वर्षं लोक या भेगा काढून आणतात, झालेल्या आज पहिल्यांदा पाहिल्या, असं ते म्हणाले. तुझेच शब्द, मामा, आणि मी त्यांना तुझं पत्र दाखवलेलं नव्हतं.

मग मात्र सगळं सांगितलं. कडा, टेप, कच्चा थर. ज्वाला नव्हती हे ऐकून सगळ्यांत तरुण परीक्षकाचं तोंड उतरलं. मलाही दोन दिवस वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही. त्या रंगाऱ्यालाही त्या संध्याकाळी कुणालातरी भेटायला वेळेवर पोचायचं असेल, असं मी धरून चालले आहे. दारावर खिळून उभं राहण्यापेक्षा हे मला जास्त आवडतं. (मामा, ही ओळ मामीला वाचून दाखवायची की नाही, ते तू ठरव.)

फॉर्मवर रंगकाम करणाऱ्याचा रकाना होता. मी त्यात जाळीवाले मामा असं लिहिलं. तू चिडशील म्हणून आधीच कान धरते. पण तपासणीनंतर चार जणांनी तुझा पत्ता मागून घेतला, त्यांच्या तेराव्यालाही तसाच गाल हवा आहे. एप्रिलच्या खेळाला तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसायचं. आणि मामा, मध्यंतरानंतर झोपायचं नाही.

पहिला राग मागे घेते. लोभ सापडला, तिथेच होता.

तुमची,
खटपटी


२९ मार्च

चि. खटपटीस,
मामीचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि एका ओळीवर अडखळले. चाळीस वर्षांचा संसार आहे, अडखळलेलं मला कळतं. पत्र हातातून काढून घेतलं आणि म्हटलं, काय लपवताय ते सांगा. सांगितलं.

तेव्हा कुठे मला गेल्या महिन्यातला प्रकार उमजला. एके दिवशी हे म्हणाले, चांगलं पातळ नेस, साडेपाचला बाहेर जायचंय. मी तयार होऊन दारात उभी, आणि हे मागच्या गॅलरीत गन घेऊन. पाच वाजून वीस मिनिटं झाली, मी हाका मारते आहे, उशीर होतोय म्हणून ओरडते आहे, आणि हे आतून म्हणतात, अजून ओरड, थांबू नकोस! मला वाटलं, कानाबरोबर डोकंही गेलं. दोनदा असं झालं. दोन्ही वेळा मग कोपऱ्यावर नेऊन चहा पाजला, आणि यांच्या हाताला राखाडी रंग.

पहिल्या भेटीलाही हे वेळेवर आले होते, साडेपाचच्या ठोक्याला. कानाच्या पाळीवर पांढरा रंग होता. मी आईला घरी जाऊन म्हटलं होतं, माणूस जरा गबाळा आहे, पण वेळेचा पक्का आहे. त्या एका गुणावर मी हो म्हटलं.

चार खोकी आली आहेत. जिन्यातल्या लोकांना डोक्यांची सवय झाली. यांनी गॅलरीला पडदा लावला आहे आणि मला रोज साडेपाचला हाका मारायचं काम लावलं आहे. एप्रिलला आम्ही येतोच. झोपले तर चिमटा काढीन.

आणि ते बॉनेट काल मी स्वतः ओढून बाहेर काढलं. हे नको नको म्हणत होते, म्हणाले, लोक काय म्हणतील, चुकीचं काम आहे. मी ऐकलं नाही. बैठकीच्या भिंतीला टेकवून, जाळीची बाजू पुढे करून ठेवलं आहे. वीस वर्षं पाठ पुसली, आता तोंड पुसते.

तुझी,
मामी