डेअरीचे नाक

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसे लिहितात. शिवाय घरात माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारे कोणी उरलेले नाही, आणि वही मध्येच उठून स्वयंपाकघरात जात नाही.

प्रथम माझे काम, म्हणजे म्हातारपणी वाचताना अभिमान वाटेल. डेअरीच्या डॉकवर रोज सकाळी दुधाचे कॅन उतरतात. मी प्रत्येकाचे झाकण काढतो, उलटे करून नाकाशी धरतो, एकदा हुंगतो. 'पास' म्हटले की दूध टाकीत. 'बाजूला' म्हटले की आल्या वाटेने परत. कॅन न हुंगता झाकण का? कारण वास वर चढतो आणि झाकणाखाली दबा धरून बसतो. हे कॉलेजात शिकवत नाहीत. सगळे मला डेअरीचे नाक म्हणतात. उरलेला स्टाफ म्हणजे नुसते हातपाय.

विशेष नोंद: मध्यंतरी ताप-सर्दीने आठवडाभर पडून होतो. परत रुजू झाल्यापासून एकही कॅन बाजूला काढावा लागलेला नाही. पूर्वी रोज दोन-चार निघायचे. ह्याला म्हणतात धाक. मी नाही म्हटल्यावर ह्या दूधवाल्यांची हौस फिटली असेल; मी आलो म्हटल्यावर सुतासारखे सरळ.

५ नोव्हेंबर, बुधवार

हिच्या हाताची चव गेली. सांगावे कसे, हा प्रश्न आहे. भाजी म्हणजे ओले फडके. चहा म्हणजे गरम पाणी, वर साखर. आज सौम्य शब्दांत सुचवले. तर म्हणते, "भाजी करपत होती तेव्हा तुम्ही चुलीपाशीच पेपर वाचत बसला होतात की! घरभर धूर झाला. वास नाही आला?"

मी म्हणालो, सुटीच्या वेळात मी नाक वापरत नाही.

उत्तर चांगले जमले. तिला कळले नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी

लेक नर्सिंगला आहे. तिचे शरीरशास्त्राचे पुस्तक टेबलावर उघडे होते. प्रकरण: विशेष ज्ञानेंद्रिये. म्हटले बघू, विद्वान काय म्हणतात.

निराशा झाली. डोळ्याला पानेच्या पाने, तीही रंगीत. कानाचेही लाड. कानात हातोडा, ऐरण आणि रिकीब अशा नावांची तीन हाडे असतात म्हणे. लोहार आणि घोडा तेवढे राहिले. आतल्या बाजूला पाण्याने भरलेल्या तीन वळ्या आहेत, त्यांच्यामुळे माणूस तोल सांभाळतो. आमच्या टँकरवाल्याला त्या नसाव्यात. आणि नाकाला? दीड पान! लिहिणाऱ्याला कायमची सर्दी असणार.

जिभेचे तर हसूच आले. तिखट ही चवच नाही, ती नुसती आग, असे छापले आहे. ह्या माणसाने आयुष्यात एकदा तरी जेवण केले आहे का? आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी छडी मारून सहा रस पाठ करून घेतले, त्यात तिखट होते. छडी खोटे बोलत नाही.

एकच गोष्ट पटली. जिभेला मोजकेच कळते, जेवणाची खरी गंमत नाकाच्या छतावर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जागा आहे तिथे कळते. म्हणजे माणूस जेवतो नाकाने. देवाने नाक उगाच तोंडाच्या मधोमध बसवलेले नाही. डोळे आणि कान दोन्ही बाजूंना चाकरीला उभे केले, मध्ये धनी बसवला. सकाळच्या प्रार्थनेत त्याबद्दल वेगळे आभार मानायचे ठरवले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घातपात.

काल पास केलेले दूध टाकीत गेले आणि अख्खी टाकी रॉकेलच्या वासाने भरली. कोणीतरी रॉकेलच्या डब्यात दूध आणले असणार. सगळे सांडपाण्यात सोडावे लागले. हे शोधून कोणी काढले? नवीन केमिस्टने. कालची पोर, तोंडापेक्षा चष्मा मोठा. मी तिला मनात चष्माच म्हणतो. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, वास दारातूनच येत होता हो."

साहेबांनी केबिनमध्ये बोलावले. म्हणाले, "काका, हे तुमच्या नाकाखालून गेलं कसं?" मी शांतपणे सांगितले की डॉकपासून टाकीपर्यंत लांब पाइप आहे, मध्ये माणसे आहेत आणि माणसांत मत्सर आहे. साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. मुद्दा पोचला असावा.

मग म्हणाले, "सत्तावीस तारखेला एक टेस्ट घेऊ. पाच बाटल्या. हुंगून सांगायचं. जमलं तर प्रश्नच मिटला. नाही जमलं तर डॉक सोडावा लागेल."

परीक्षा! माझी! सूर्याला म्हणे टॉर्च लावून बघतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी

संकल्प. पहाटे उठणे. नाकाला वाफ. कच्चा कांदा बंद. साबण बिनवासाचा. त्या पुस्तकातले दीड पान तोंडपाठ. चष्म्याशी सभ्य वागणे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पहाट झाली तेव्हा मी झोपेत होतो, त्यामुळे ती पाहता आली नाही. वाफ घेताना नाकाचा शेंडा भाजला. चष्मा म्हणाली, "काका, नाकाला काय लावलंय?" सभ्य वागणे उद्यापासून.

१६ नोव्हेंबर, रविवार

लेकीने सराव घेण्याचा हट्ट धरला. डोळ्यांवर टॉवेल बांधला. नाकाखाली काहीतरी धरले. मी म्हणालो, काही धर तरी. म्हणाली, धरलंय. काय होते ते विचारले तर कॉफीचा डबा. आता कॉफीत भेसळ असते हे तिला कोण सांगणार?

मग तोंडात एक फोड दिली. करकरीत, थोडी गोडसर, जरा झोंबणारी. मी म्हणालो, सफरचंद आहे, पण जुने झालेले, फळवाल्याने फसवले. टॉवेल सोडला तर लेकीच्या हातात कांदा. डोळ्यांतून पाणी वाहत होते ते कांद्याचे. लेकीच्या डोळ्यांत कशाचे होते कळले नाही. तिने तर खाल्लाही नव्हता.

मी बाजी पलटवली. मोरीतली फिनेलची बाटली उघडून जोरात हुंगली. चांगले झोंबले. म्हटले, हे बघ, नाक शाबूत आहे! तर म्हणते, "बाबा, झोंबणं वेगळं आणि वास वेगळा. झोंबणं दुसऱ्या नसेने कळतं. तुम्हाला वासच येत नाहीये."

दुसऱ्या वर्षाला आहे अजून. आणि बापाच्या नसा मोजते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ही मला ओढत नाकाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरला जाड भिंगांचा चष्मा. ज्याचे स्वतःचे एक इंद्रिय धड नाही तो माझे दुसरे तपासणार. नाकात टॉर्च मारली. म्हणाला, "तापानंतर वासाच्या पेशी मरतात कधीकधी. परत उगवतातही. महिने लागतील. काहींच्या नाहीच येत. रोज चार ओळखीचे वास घेत जा. लिंबू, लवंग, असं काहीतरी. मन लावून."

वीस वर्षे वास घेण्याचा पगार घेतला, आता हा माणूस उलट फी घेऊन वास घ्यायला लावतो!

घरी येताना ही म्हणाली, "अहो, साहेबांना सरळ सांगून टाका. आजारीपणाने झालंय. माणूस वाईट नाही तो. लोकांची पोरंबाळं पितात ते दूध."

मी म्हणालो, तुला डेअरीतले काय कळते?

ती झपाझप पुढे चालू लागली. म्हणजे पटले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज डॉकवर पहिल्या कॅनचे झाकण नेहमीपेक्षा जास्त वेळ नाकाशी धरून उभा राहिलो. ताज्या दुधाला गवताचा, उबेचा, गाईच्या अंगाचा वास असतो. लहानपणी गोठ्यात झोपायचो तो वास. तो स्पष्ट आठवला. आठवला म्हणजे आलाच की. मेंदू आणि नाक काही वेगळ्या घरची पाहुणी नाहीत.

हमाल म्हणाला, "काका, पुढचा घ्यायचा का? की ह्याच्याशीच लग्न लावताय?"

अडाणी माणूस. मी 'पास' म्हणालो.

२४ नोव्हेंबर, सोमवार. रात्रीच्या जेवणाआधी

युक्ती सापडली. देवाने इंद्रिये पाच दिली ती एकमेकांची पाठराखण करायला. नाकाला विश्रांती, डोळ्यांना काम. चार दिवस चष्म्यावर पाळत ठेवली. ती रोज टाकीचे झाकण उघडून बघते. दूध चांगले असले की तिचा चेहरा दगड. जरा बिघडलेले असले की डावी भुवई वर जाते आणि नाकपुडी चिमणीच्या पिसासारखी थरथरते. बाटल्या तीच उघडून माझ्या हातात देणार आहे. मी बाटली हुंगायची आणि भुवई वाचायची.

ह्याला लबाडी म्हणणार नाही. निरीक्षण म्हणतात. त्या पुस्तकात डोळ्याला इतकी पाने दिली आहेत, त्यांचा काहीतरी उपयोग व्हायला हवा.

सत्तावीस तारखेनंतर चष्म्याला मोठ्या मनाने क्षमा करायची. वाक्यही तयार आहे: "पोरी, पदवी डोक्यात असते, अनुभव नाकात." आरशासमोर तीनदा म्हणून पाहिले. उत्तम.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दगाबाजी. ती तोंडाला मास्क लावून आली. वर केसांची टोपी. मध्ये नुसता चष्मा, आणि चष्म्यावर ट्यूबलाइटचा उजेड. भुवई कुठे आहे तेच दिसेना.

पण मी डगमगलो नाही. विचार केला. परीक्षा घेणारे लोक कसे असतात? कपटी. सगळ्यांना वाटणार, पाचांत एक तरी नासलेली असणार. म्हणून ते एकही नासलेली ठेवणार नाहीत. माणूस घाबरून चांगल्या दुधाला नावे ठेवतो का, तेच त्यांना बघायचे असणार. प्रामाणिकपणाची परीक्षा. ओळखले!

पहिली बाटली हुंगली. पास. दुसरी, पास. तिसऱ्या बाटलीला साहेब उठून खिडकीशी गेले आणि डोके बाहेर काढून उभे राहिले. माझा आत्मविश्वास पाहून शरमले असावेत. चौथीला दारातला शिपाई "आलोच" म्हणून गेला. पाचवी बाटली मी मुद्दाम दीर्घ श्वास घेऊन हुंगली, डोळे मिटून, गवयाने सूर लावावा तशी. पास.

मी त्या वाक्याची तयारी केली. "पोरी," एवढे म्हणालोही.

तेवढ्यात तिने मास्क काढला. तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "काका, पाचही खराब होत्या. शेवटच्या बाटलीत मेलेला उंदीर घालून ठेवला होता. तो काढून तुम्हाला दिली. म्हटलं, निदान ही तरी..."

पुढचे वाक्य तिने गिळले. माझेही राहून गेले.

साहेब खिडकीतूनच म्हणाले, "काका, बसा. पाणी घ्या." मी म्हणालो, बाटल्या बदललेल्या आहेत. ते म्हणाले, "बरं." असे 'बरं' मी कधी ऐकलेले नाही. लहान मूल पडल्यावर म्हणतात तसे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बदलीचा हुकूम. डॉक सुटला. सोमवारपासून डेअरीच्या मागे सांडपाण्याचा प्लांट. स्वतंत्र विभाग, स्वतंत्र खोली, वर कोणी साहेब नाही. तिथे कोणी महिनाभरही टिकत नाही, तेव्हा मुरलेला माणूस हवा होता, हे उघड आहे. घरी सांगताना मी 'बढती' हा शब्द वापरला. लेकीने पुस्तक मिटले आणि माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीची पोळी वाढली. कारण कळले नाही. खाल्ली.

डॉकवर आता चष्मा झाकणे हुंगते म्हणे. आज तिने दिवसात सात कॅन बाजूला काढले. म्हणजे धाक संपला लगेच. बघा.

१ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी

पहिला दिवस. यश. नासलेल्या दुधाचे, गाळाचे, कशाकशाचे मोठे हौद आहेत, वर बुडबुडे येतात. आधीच्या माणसाने नाकाला दोन रुमाल बांधले होते. काम समजावून सांगताना त्याला दोनदा बाहेर जाऊन उलटी करावी लागली. नाजूक पिढी. मी हौदाच्या काठावर बसून डबा खाल्ला. तो बघत राहिला. म्हणाला, "तुम्ही माणूस आहात का कोण?" इतकी मोकळी दाद डॉकवर वीस वर्षांत मिळाली नव्हती.

घरी आलो. दारातच हिने अडवले. कपडे बाहेर काढायला लावले, सरळ मोरीत पाठवले. साबण लावून आंघोळ केली. बाहेर आलो तर तिने सगळ्या खिडक्या उघडलेल्या, थंडीचे दिवस असून. म्हणाली, "अहो, पुन्हा एकदा करा." केली. लेक दुसऱ्या खोलीतून ओरडली, "बाबा, डोक्यालाही." तेही केले. तिसऱ्यांदा अंग पुसून समोर उभा राहिलो आणि विचारले, आता?

ती म्हणाली, "आता तुम्हीच सांगा."

मी दंड नाकाशी नेला. डोळे मिटले. दीर्घ श्वास घेतला. म्हणालो, छान येतोय. साबणाचा.

तिने माझ्या हातातला ओला टॉवेल घेतला, आणि बादली पुन्हा नळाखाली लावली.