पळसाचं डावं पान

सातारा, ता. ४ नोव्हेंबर २०२४

चि. विश्वजीत यास अनेक आशीर्वाद.

माझ्या मेणाच्या नमुन्याला कुणीतरी हात लावला आहे, म्हणून हे पत्र. फोनवर तू विषय बदलतोस.

मी मेणात कोरायचं आणि तू ब्राँझमध्ये ओतायचं, एवढंच ठरलं आहे. महाबळेश्वरच्या हॉटेलच्या दारांसाठी चौदा मुठी करायच्या, त्यातली पहिली काल मिळाली. ओतकाम उत्तम. पण पळसाच्या तीन पानांतलं डावं पान माझं नाही. कडेच्या पानांची आतली अर्धी बाजू अरुंद असते. दोन्ही अंगांनी सारखं पान मी आयुष्यात केलेलं नाही. सत्तावीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे. तुझ्या फाउंड्रीत हा शहाणपणा कुणी केला ते कळव. मी फार थकले आहे रे. दुसऱ्यांच्या चुका निस्तरणं आता होत नाही.

सगळ्यांना आशीर्वाद. उत्तर लगेच हवं.

गोदावरीताई

सांगली, ता. ९ नोव्हेंबर २०२४

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र यांनी वाचलं, माझ्यापुढं सरकवलं आणि भट्टी बघून येतो म्हणून निघून गेले. भट्टी दिवाळीपासून बंद आहे. म्हणून मी लिहिते.

ते पान मी केलं. आणि ते पहिलं नाही. दोन वर्षं झाली, तुमच्या नमुन्यांत पानांच्या शिरा मध्येच बुजलेल्या असतात, कडेला तुमच्या अंगठ्याचा ठसा असतो. आधी वाटलं, पार्सलात उन्हानं मेण मऊ झालं असेल. मग ओतायच्या आधी मीच शिरा पुन्हा कोरायला लागले; हे डावं पान तर पुरतं दबलं होतं, ते सगळंच नव्यानं केलं. हे म्हणाले, ताईला कळलं तर ती काम सोडेल. आष्ट्याला माहेरी पळसाच्या लय पत्रावळी लावल्यात मी, पण पान असं निरखून कवा बघितलं नव्हतं. चुकले.

वन्सं, यंदा गणपतीत तुमच्या अंगठ्याला भाजल्याचा फोड होता आणि कशानं भाजलं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. तवाच बोलायला हवं होतं. माझ्यावर रागवा, पण डॉक्टरांना हात दाखवा.

तुमची
रेश्मा

सातारा, ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रेश्मा हिस आशीर्वाद.

हात दाखवला. साखरेमुळे बोटांची संवेदना गेली आहे. परत येईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. घरी येऊन डोळे मिटले आणि मेणाच्या पानावरून बोट फिरवलं. शीर कुठे आहे ते कळेना. डोळे उघडले तर ती माझ्याच बोटाखाली बुजली होती.

मग दोन वर्षांतल्या मुठी काढून पाहिल्या. करंजाच्या पानांवरच्या तुझ्या शिरा माझ्याहून चांगल्या आहेत. हे मला पुन्हा लिहायला लावू नकोस. विश्वजीतला सांग, बंद भट्टी फार वेळ पाहू नये.

चुकलेली मूठ मी माझ्या दाराला बसवली. हॉटेलच्या चौदाही आता तू कर. मी पान दाखवेन, हात लावणार नाही. राग उतरतो आहे. माया होती तेवढीच आहे.

गोदावरी

एस.टी.च्या पार्सलने रेश्माच्या हवाली केले:
कोरण्या सात, एकीच्या मुठीला सुतळी गुंडाळलेली.
स्पिरिटचा दिवा एक. आधी हाताच्या मागच्या बाजूने धग पाहणे.
पळसाचा मेणाचा नमुना एक, डावं पान न केलेला.
वहीत दाबलेलं खरं पान एक.