शेकोटीपासून साठ पावलं

२८ नोव्हेंबर

पोचलो. गाडी लावायला एक तास दहा मिनिटं. पाणसळ लावून चारही कोपरे बघितले, मागच्या डाव्या चाकाखाली पाऊण इंचाची फळी सरकवली, आता चहाच्या कपातला चहासुद्धा कडेला तिरपा दिसत नाही. बाकीच्यांच्या गाड्या बघितल्या. लोकांना झोप कशी लागते कोण जाणे, सगळे डोकं खाली पाय वर!

वाळवंट सपाट, दगडगोट्यांचं. मधूनमधून उंच निवडुंग. सात घरगाड्यांचा एक घोळका, मधोमध दगडांची शेकोटी. माझी गाडी शेकोटीपासून साठ पावलांवर. मोजली. याहून जवळ लावणं बरं दिसत नाही, लांब लावली तर माणूस शिष्ट वाटतो.

सौर पॅनेल दक्षिणेकडे वळवले. बॅटरी १२.८ व्होल्ट.

३० नोव्हेंबर

संध्याकाळी एक बाई आली. लोरीन. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली म्हणे, आवाजावरून कळतंच. "नवीन दिसतोस. सहाला शेकोटी असते. लाकूड घेऊन ये, खुर्ची घेऊन ये, तोंड नाही आणलंस तरी चालेल."

गेलो. तिचा नवरा क्लाइड, अजून सहा-सातजण, आणि अर्व्हिड नावाचा एक म्हातारा, वय एक्क्याऐंशी. नॉर्थ डकोटात चाळीस वर्षं धान्याचे ट्रक हाकले. सगळे दर हिवाळ्याला इथेच येतात, मार्चात एकामागे एक रांगेनं उत्तरेला जातात. सगळ्यांच्या हातात वाडगे. खिम्याचा घट्ट रस्सा, त्यात घेवडा, वर मक्याचा ब्रेड. मलाही दिलं. तिखट बेतशीर. मीठ किंचित जास्त, पण बोललो नाही.

साडेआठला खुर्ची मिटून घेऊन आलो. इथलं ऊन कापड खाऊन टाकतं. एका मोसमात शिवण उसवते.

१ डिसेंबर

सहाला गेलो. सगळे जेवत होते. कुणी वाडगा पुढे केला नाही. बरोबर आहे, काल पाहुणा होतो.

४ डिसेंबर

गाडीत घेवड्याचा हवाबंद डबा गरम करून खातो आणि मग जातो. क्लाइडनं विचारलं, "जेवलास?" म्हटलं, कधीच! तो म्हणाला, "शहाणा आहेस."

११ डिसेंबर

आज तीन गाड्यांचं काम केलं. क्लाइडनं पॅनेलची तार इतकी बारीक वापरलीय की अर्धी वीज तारेतच मरते. बदलून दिली. त्याला ते आकडे काढून दाखवले तर म्हणाला, "तू इंजिनिअर का रे?" अर्व्हिड मागून ओरडला, "मग काय! इंजिनिअरसाहेब आहेत आपले!"

मी इंजिनिअर नाही. अकरावीत शाळा सोडली. नेब्रास्कात शेतांवरचे पंप दुरुस्त करत वीस वर्षं काढली, विजेचं सगळं गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांतून शिकलो. एकेक पुस्तक तीन-तीनदा. पण लोकांचं उखडलेलं मी जोडलंय, आणि मी जोडलेलं परत उखडलेलं नाही. एवढं इथे लिहायला हरकत नाही.

तिघांनीही पाठीवर थाप मारली. संध्याकाळी तिघेही माझ्यासमोर जेवले.

१७ डिसेंबर

वारा. शेकोटी नाही. दिवसभर कुणाशी बोललो नाही. संध्याकाळी रेडिओला "गप्प बस" म्हणालो, तेवढंच.

२५ डिसेंबर

दुपारपासून टर्कीचा वास. साठ पावलांवरून सगळं ऐकू येतं. क्लाइड गात होता, फार वाईट. मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, खिडकीशी बसलो. बोलावतील असं वाटलं. पावणेपाच झाले, पाच झाले. मग डबा उघडला.

सहाला गेलो. लोरीन म्हणाली, "अगबाई, शर्ट काय झकास! जेवून आलास ना? आम्हाला वाटलंच."

म्हटलं, हो, भरपूर.

बायको, जनीन, वेगळी झाली तेव्हा म्हणाली होती, "तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे रोज सकाळी तपासणीला उभं राहायचं." आज पहिल्यांदा वाटलं, या लोकांनाही ते दिसत असेल. लगेच. महिन्याभरात.

२७ डिसेंबर

आज कळलं! आणि कळून काय करायचं ते कळत नाही.

अर्व्हिडच्या गॅसच्या शेगडीचं तोंड साफ करत होतो. तो एकदम म्हणाला, "तुला आमच्याबरोबर जेवायला आवडत नाही का रे?"

मी म्हटलं, बोलावलं कुणी?

"बोलवायचं कशाला? लोरीन सकाळी शेकोटीपाशी येऊन खुर्च्या मोजते. जितक्या खुर्च्या तितके वाडगे. शाळेतली सवय. रात्री खुर्ची ठेवून गेलास म्हणजे उद्या जेवायला आहेस. तू रोज तुझी काखोटीला मारून नेतोस! आम्ही म्हटलं, बाबाला त्याचं त्याचं बरं वाटतं."

शेगडी जोडली. दोन स्क्रू उलटसुलट बसले. माझ्या हातून!

महिनाभर घेवडा खाल्ला. एका कापडाच्या शिवणीसाठी.

२९ डिसेंबर

खुर्ची आजही उचलून आणली. आता ठेवली तर सगळ्यांना कळेल की अर्व्हिडनं सांगितलं. म्हणजे मी मागितल्यासारखं होईल.

३१ डिसेंबर

आणली.

१ जानेवारी

आज विसरलो. नाही, विसरलो नाही. ठेवली.

२ जानेवारी

सकाळी पडदा बोटभर सरकवून बघत होतो. लोरीन आली, बोटानं मोजत गेली, माझ्या खुर्चीपाशी थांबली. कमरेवर हात ठेवले. मग पुढे गेली.

संध्याकाळी बटाट्याचं सूप, त्यात मका आणि डुकराच्या मांसाचे तुकडे. वाडगा हातात देताना फक्त एवढंच, "कापड उन्हानं जाईल हं."

मी म्हटलं, जाऊ दे.

दोन वाडगे खाल्ले. मीठ बरोबर होतं.

१४ जानेवारी

रोज जेवतो. माझी पाळी मंगळवारी. परवा मटणाचा रस्सा केला, प्रत्येक तुकडा एक इंच. क्लाइड म्हणाला, "फूटपट्टी लावलीस का काय?" लावली नव्हती. नजरेनं.

अर्व्हिड माझ्या शेजारी बसतो. त्याला घर नाही, गाडी हेच घर. बायको गेल्यावर शेत विकलं. मुलगी स्पोकेनला असते, दर रविवारी फोन करते. तो फोन ठेवला की दहा मिनिटं बोलत नाही. काल म्हणाला, "तिचा एकच प्रश्न. बाबा, गाडी नीट चालवता ना? जरा कुठे डगमगलो की किल्ली काढून घेणार आणि मला एका खोलीत ठेवणार, खिडकीतून पार्किंग दिसेल अशा."

१९ जानेवारी

अर्व्हिडच्या बॅटऱ्या बघायला गेलो. म्हटलं, मीटर वाचा, मी खालून तार हलवतो. तो म्हणाला, "बारा पॉइंट सात! झकास!"

वर येऊन बघितलं. ११.२.

तार बदलली, म्हटलं, आता वाचा. "बारा पॉइंट सात!" त्याच सुरात. या वेळी १२.९ होतं.

त्याला आकडे दिसत नाहीत. पाठ केलंय, काय म्हणायचं ते.

२० जानेवारी

दिवसभर तेच डोक्यात. तीस फुटी गाडी. उत्तरेपर्यंत पंधराशे मैल.

६ फेब्रुवारी

सकाळी सगळे पाणी भरायला गेले. अर्व्हिडनं परत येताना नळापाशी लोखंडी खांबाला उजवी बाजू घासली. हातभर लांब पत्रा चेपला. मी एकटाच मागे होतो. तो उतरून हातानं चाचपत म्हणाला, "हा खांब गेल्या वर्षी इथे नव्हता."

मी म्हटलं, नसेल.

दुपारी सगळे झोपले तेव्हा पत्रा आतून ठोकून बाहेर काढला, रंग लावला. उन्हात उभं राहून तीन तास. इतकं सफाईदार झालंय की मलाही जागा शोधावी लागते. आणि आयुष्यात पहिल्यांदा चांगलं काम केल्याची लाज वाटतेय. मी पुरावा पुसला.

२२ फेब्रुवारी

अर्व्हिड शेकोटीपाशी कॉफी ओतत होता. कप भरला, वाहिला, मांडीवर पडली. क्लाइड हसला, "काय म्हाताऱ्या, दुपारपासूनच सुरू का?" अर्व्हिडही हसला, "तुझ्या बाटलीतलीच!" सगळे हसले. भाजलं असणार. मांडी झटकलीसुद्धा नाही.

लोरीन परत जायचं ठरवत होती. सोळा मार्च. पुढे क्लाइड, मग बाकीचे, "आणि अर्व्हिड नेहमीसारखा शेवटी, त्याला कुणी मागे लागलेलं आवडत नाही." मग मला, "तू रे? तू कुठे जाणार?"

म्हटलं, बघू.

बघण्यासारखं काही नाही. नेब्रास्कातलं घर जनीनकडे. ज्या रस्त्याला चाकं लागतील तो. या लोकांनी "चल आमच्याबरोबर" म्हणावं असं वाटत होतं. विशेषतः एकानं. तो निखाऱ्यांकडे बघत बसला होता. निखारे त्याला दिसत असतील, मला वाटतं. लाल आहेत.

२४ फेब्रुवारी

बोललो. बोलायला नको होतं, किंवा अशा रीतीनं नको होतं.

त्याच्या दारात उभा राहून म्हटलं, अर्व्हिड, तुम्हाला दिसत नाही. एकोणीस जानेवारीला ११.२ होतं, सहा फेब्रुवारीला खांब, परवा कॉफी. तारखांसकट सांगितलं. मुद्देसूद.

तो म्हणाला, "वहीत लिहून ठेवलंस का सगळं?"

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, हो.

"चाळीस वर्षं गाडी हाकली. एक ओरखडा नाही. आणि तू मला नापास करायला आलास होय रे? जा. तुझी पाणसळ लाव जा कुठेतरी." दार लावलं. हळूच लावलं, त्यानं जास्त लागलं.

२६ फेब्रुवारी

अर्व्हिड शेकोटीच्या पलीकडच्या बाजूला बसतो आता.

३ मार्च

वाडगा मिळतो. भरपूर असतो. माझ्या एका बाजूला रिकामी जागा, दुसऱ्या बाजूला लाकडांचा ढीग. साठ पावलांवर एकटा जेवत होतो ते यापेक्षा सोपं होतं.

७ मार्च

लोरीननं भांडी घासताना गाठलं. "तुमचं दोघांचं बिनसलं काय? शाळेत पोरं बरी, निदान मारामारी करून मोकळी होतात."

सांगून टाकावं असं जिभेवर आलं. ती अर्ध्या तासात मुलीला फोन लावेल. मुलगी दोन दिवसांत विमानानं येईल. अर्व्हिड सुखरूप राहील, खिडकीतून पार्किंग बघत. नाही सांगितलं तर सोळा तारखेला तो शेवटून गाडी काढेल, घाटात समोरून कुणाची तरी पोरंबाळं येत असतील.

म्हटलं, काही नाही गं, मीच आगाऊपणा केला.

"ते तर माहितीच आहे," ती म्हणाली. "पण तुला त्याच्याशी बोलायला येत नाही, आणि त्याला तुझ्याशी. मध्ये मी किती दिवस वाडगे ठेवू?"

९ मार्च

स्पोकेनच्या मुलीचा नंबर मिळवला. अर्व्हिडनं स्वतःच त्याच्या दाराच्या आत मोठ्या अक्षरांत खरडून लावलाय, मी कितीदा वाचलाय. कागदावर उतरवला. फोन हातात धरून तीनदा आकडे दाबले, तीनदा पुसले.

मी खरं तेच सांगणार होतो. खऱ्यानं कुणाचं घर जातं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

११ मार्च

त्याच्याकडे जाऊन "मी चालवतो तुमची गाडी" म्हणावं? तो दार लावेल. त्यानं कधी कुणाकडे मागितलेलं नाही. मीही नाही. या वाळवंटात आमच्याइतके सारखे दोन मूर्ख सापडायचे नाहीत.

१३ मार्च

लोक गाड्यांपुढची कापडी छपरं गुंडाळायला लागले. क्लाइडनं टायरची हवा बघायला बोलावलं. अर्व्हिड त्याच्या पुढच्या काचेला फडकं मारत होता. एकच जागा, पुन्हा पुन्हा. काच स्वच्छ होती.

उद्यापर्यंत दुसरं काही सुचलं नाही तर मुलीला फोन करणार. ठरलं.

१४ मार्च

सकाळी त्याच्या दारावर टकटक केली. म्हटलं, अर्व्हिड, माझा गिअरबॉक्स गेलाय. गाडी इथेच गावात गॅरेजच्या आवारात ठेवावी लागणार. मला उत्तरेपर्यंत नेता का? एकटा अडकून पडलोय हो.

तो बराच वेळ माझ्या तोंडाच्या दिशेनं बघत राहिला. मग म्हणाला, "फुकट बसून येशील असं समजू नकोस. स्टिअरिंग तुझ्याकडे."

गिअरबॉक्स ठणठणीत आहे.