पोसक्यांचं घर

बाबा, फाटकावरचं एक नाव मला किती महाग पडलं ते आधी सांगतो. सोसायटीच्या सभांत घसा बसला आणि ज्याच्याबरोबर रोज चहा घ्यायचो त्या शेजाऱ्याशी बोलणं तुटलं. नाव कोरायचा दगड मात्र फुकट आला. घडवणारा माझं जुनं गिऱ्हाईक.

आपली मरोळची वाडी पाडून तिथे इमारत उभी राहिलीय. फाटकावर या जागेच्या पहिल्या रहिवाशाचं नाव असावं ही माझीच टूम. शेजारी म्हणाला, "कशावरून रे तुझा पणजा पहिला?" मी तुमच्याच आवाजात ठणकावलं, "या रानात पहिलं पाऊल त्याचं! झाडं तोडून वस्ती केली, आल्यागेल्याला पोसलं. म्हणून तर गाव आम्हाला पोसके म्हणतं." तुम्ही ओट्यावर बसून हेच सांगायचात. कोणी 'पोसक्यांचा पोर' अशी हाक मारली की तुमचा हात मिशीकडे जायचा. मी साकीनाक्याला वर्कशॉप टाकलं तेव्हाही म्हणालात, "पोसणाऱ्याचं रक्त आहे, चार घरं चालवशील." चालवली.

पण दगडावर कोरायला पणजोबांचं नाव हवं, आणि ते घरात कुणालाच ठाऊक नाही. म्हणून पेढे घेऊन गावठाणात गेलो, क्रुसाजवळच्या ख्रिस्ती म्हातारीकडे. तिच्याइतकं जुनं आता कोणी उरलेलं नाही. दारात पोचतो तर ती बशीत दूध ओतून हाका मारतेय, "ये रे पोसक्या, ये!" मला वाटलं मलाच. आतून एक लंगडं मांजर आलं.

"माय, याला पोसका का म्हणता?"

"आय मेली त्याची, मी वाढवला. मग काय जावई म्हणू?"

बिघडलेलं मशीन मी नुसत्या आवाजावरून ओळखतो, बाबा. हा शब्द जन्मभर ऐकत आलो, आणि कान कुठे होते माझे?

"आणि आम्हाला?"

तिचं हसू गेलं. "तुला नाय ठाऊक? तुझ्या बाबाला माझ्या आयनं सगला सांगलेला. तो म्हणाला, पोरांना नको सांगू."

मग तिनं सांगितलं. साथीच्या दिवसांत बाहेरून आलेलं एक जोडपं म्हातारीच्या घरच्यांच्या शेताच्या बांधावर मेलं. मध्ये बाळ रडत होतं. तिच्या पणजीनं ते उचललं, स्वतःच्या लेकराबरोबर अंगावर पाजलं. बाप्तिस्मा दिला नाही. उद्या कोणी न्यायला आलं तर पोर त्याच्या देवासकट परत द्यायला हवं, म्हणून. कोणीच आलं नाही. आपली वाडी उभी राहिली ती जागाही त्यांनीच दिलेली. मी नाव विचारलं. म्हातारी म्हणाली, "बारक्या पोराला इचारतं कोण? पोसकाच म्हणायचे." पेढ्यांचा पुडा तसाच हातात घेऊन मी घरी आलो.

तुम्हाला ठाऊक होतं! मिशीला हात लावतानाही ठाऊक होतं!

काल सभेत उभा राहिलो आणि सांगून टाकलं. दगडावर आता म्हातारीच्या त्या पणजीचं नाव येईल. शेजाऱ्यानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. हे तुम्हाला लिहितोय खरं, पण धाडायचं कुठे? आणि एक गोष्ट मीही लपवली. "बाबांना बिचाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं," असं मी सभेत म्हणालो. बाकी सगळं खरं सांगितलं. आपला माणूस मरोळात आला तेव्हा त्याला चालता येत नव्हतं.