आईने हात लावायचा नाही

अण्णा, स्वयंपाकघरात ओट्याखाली एक पेटी आहे, तुमच्या नातीची. थर्माकोलची, आत बल्ब, पाण्याची वाटी आणि कोंबडीची अंडी. बारावी संपवताना प्रत्येकाने कुणाची मदत न घेता एक प्रकल्प करायचा असतो, आणि हिने अंडी उबवायचं यंत्र घेतलंय. इथे सोनईत बाकीच्यांचे प्रकल्प आईबाप करतात, नाहीतर दुकानातून तयार येतात. हिने झाकणावर स्केचपेनने लिहून ठेवलंय, 'आईने हात लावायचा नाही.' मागच्या खेपेला लाईट गेली, पेटी गार पडली आणि सगळी अंडी वाया गेली. ती रडली नाही, नुसती पेटी धूत बसली. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. आता तिने बॅटरी जोडली आहे, लाईट गेली की ती आपोआप सुरू व्हायला हवी. अंडी आज-उद्या फुटतील. दुपारी ती सरांना पेटी दाखवायला घेऊन येणार आहे. सकाळी निघताना म्हणाली, "लाईट गेली तर जाऊ दे, आई. बॅटरी लागती का न्हाई, तेच तर बघायचंय. तू मधी पडू नको." मी हो म्हणाले. म्हणायला काय जातंय.

आठवतं? तेव्हा तुम्ही नागापूरच्या कारखान्यात फिटर. माझ्या दहावीच्या प्रदर्शनासाठी मी बादली भरली की वाजणारी घंटा करते आहे आणि ती काही केल्या वाजत नाही. तुम्ही बाजेवर बसलेले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. "अण्णा, एवढं द्या ना जोडून." "न्हाई. तार तुज्या हातात हाय, तुजं तू कर." सगळ्यांचे वडील करून देतात, मी चिडून म्हणते. "करू देत की. त्यांच्या पोरींना येत नसंल." आई आतून म्हणते, दगडाला पाझर फुटंल, पन ह्या मानसाला न्हाई. प्रदर्शनाच्या दिवशी तुम्ही शाळेच्या फाटकाशी सायकल धरून उभे होतात, हँडलला डब्याची पिशवी. बादली भरली, सांडायला लागली, घंटा गप्प. मी तार हलवली, पुन्हा हलवली, आणि वाजली. तुम्ही सायकल वळवलीत आणि कारखान्याच्या पाळीला निघून गेलात. शाबास नाही, काही नाही. तो राग मी कितीतरी वर्षं धरून होते. तुम्ही देवाघरी गेल्यावर आईने माळ्यावरून एक घंटा काढली, पितळी, तारा-बिरा सगळं जोडलेली. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात बसून तुम्ही केलेली. "त्या दिशी पिशवीत हीच हुती," आई म्हणाली. "तुजी वाजली न्हाई तर, म्हनून."

इथवर लिहिलं आणि लाईट गेली. पंखा थांबला, पेटीतला बल्ब विझला. मी उठून झाकणापाशी गेले. बॅटरी लागेना. झाकणावरचं वाचलं आणि परत येऊन बसले. डावा हात मांडीखाली घेतलाय, उजव्याने हे लिहिते आहे. तुम्हाला कसं जमलं हो अण्णा? मला भीती वाटते. अंडी गार पडतील याची तर वाटतेच, पण ती पुन्हा तशीच गप्प पेटी धूत बसेल याची जास्त वाटते. मी सारखी त्या बल्बकडे बघते आहे, आणि अक्षर बघा कसं येतंय.

लागला. मिणमिणता आहे, पण लागला. तिने केलं, अण्णा.

हा कागद तुमच्या घंटेत कोंबून ठेवते, दुसरीकडे कुठे धाडणार? आणि एक सांगायचं राहिलं. मागच्या दारी डालग्याखाली शेजारणीची खुडूक कोंबडी आहे, अंड्यांवर बसायला आलेली. सकाळी पोर बाहेर पडल्या पडल्या मागून आणली. पेटी गार पडलीच, तर अंडी गुपचूप तिच्याखाली सारणार होते. आता बल्ब लागलाय, म्हणजे पोर यायच्या आत कोंबडी परत नेऊन द्यायला हवी. पण अंडी अजून फुटायची आहेत. राहू दे म्हणते थोडा वेळ.