वडिलांवरच्या अकरा ओळी आणि शाळेसमोरची खोली

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण नववी अर्धी, धंदा भट्टीच्या चिमणीच्या आतल्या विटा बदलणे, हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. मी शुद्धीवर आहे. ताप नाही, घेतलेली नाही, कोणी डोक्यावर उभे नाही. राग आहे. पण राग म्हणजे दबाव नव्हे, हे मी ऑफिसातल्या कारकुनाला विचारून घेतले आहे.

सोमवारी मला दोराला टांगलेल्या पाळण्यात बसून मोठ्या चिमणीत उतरायचे आहे. मागच्या खेपेला तिथेच दोर तुटला आणि दोघे गेले. त्यांच्या सामानावरून घरच्यांत जे झाले ते मी पाहिले आहे. माझ्यामागे तसे नको, म्हणून हे लिहिणे. आणि दुसरे कारण कलम ४ मध्ये आहे. खरे सांगायचे तर तेच पहिले.

१. हत्यारे. माझी करणी, ओळंबा आणि लहान हातोडी माझ्यासोबत पाळण्यात बसणाऱ्या जोडीदाराला. तोही माझ्याबरोबरच गेला तर जो पुढे उतरेल त्याला. माझे बूट कोणी घालू नयेत, तळ फाटका आहे, घसरतो.

२. पुस्तके. एक इंग्रजी शब्दकोश, पुठ्ठा नसलेला, आणि नववीचे इंग्रजीचे पाठ्यपुस्तक. दोन्ही माझ्या भाचीला. पाठ्यपुस्तकात दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट आहे. मी शाळा सोडली तेव्हा ती अर्धी झाली होती, रखवालदाराचे तेल संपत आले होते. पुढे सहा वर्षे त्या माणसाचे काय झाले हे मला माहीत नव्हते. इथे भट्टीच्या कामावर आल्यावर हे पुस्तक रद्दीत मिळाले आणि शब्दकोश मांडीवर घेऊन ती गोष्ट मी बारा दिवसांत वाचली. शेवट सांगत नाही, भाचीने स्वतः वाचावा.

इंग्रजी मला कोणी शिकवले नाही असे नाही. धोक्याच्या पाट्यांनी शिकवले, कारण त्या चुकीच्या वाचल्या तर माणूस मरतो. मुकादमाने शिकवले, तो चार देशांतले चार उच्चार एकाच वाक्यात करतो आणि तरी त्याचे सगळ्यांना कळते. आज मी इंजिनिअरशी बोलतो, त्याला माझे कळते, मला त्याचे. हे इथे मुद्दाम नोंदवतो. का, ते पुढे येईल.

३. इंग्रजीच्या सरांना, ज्यांना आम्ही फुलस्टॉप म्हणायचो, कारण वाक्य संपले की ते डस्टर टेबलावर आपटायचे, त्यांना काहीही देत नाही. ते निवृत्त झाले आहेत, तब्येत चांगली आहे असे ऐकतो. ऐकून वाईट वाटले.

४. आता खोली.

शाळेच्या फाटकासमोर तळमजल्यावर एक खोली आहे. ती मी घेतली, माझ्या नावावर आहे. मागच्या अर्ध्या भागात आई राहते. पुढच्या भागात माझा चुलतभाऊ इंग्रजी बोलण्याचा क्लास चालवतो. भाडे नाही, कागद नाही. ‘घरचाच आहे, त्याला काय बाहेर बसवायचं?’ असे आई म्हणाली म्हणून. दारावर त्याची पाटी आहे, तीन हात लांब. त्याला ती खोली कायमची हवी आहे. दरवेळी फोनवर आडून आडून विचारतो, आणि जाता जाता मुलांसमोर माझे उच्चार सुधारतो. मुले हसलेली मला ऐकू येतात.

ही खोली कोणाला, ते ठरवण्याआधी नववीत काय झाले ते लिहावे लागेल.

आमच्या वर्गात ‘माझे वडील’ हा निबंध इंग्रजीत यायचा. सर फळ्यावर लिहून देत, आम्ही पाठ करत. त्या निबंधातले वडील डॉक्टर होते. पहाटे पाचला उठत, गुलाबांना पाणी घालत आणि कधीही रागावत नसत. वर्गात आम्ही बेचाळीस पोरे. कोणाचा बाप गवंडी, कोणाचा बाप ओझी वाहणारा, दोघांना बाप नव्हताच. पेपरात मात्र बेचाळीसच्या बेचाळीस डॉक्टर, सगळे गुलाबांना पाणी घालणारे.

मला पाठांतर जमत नसे. एकदा मी स्वतःच लिहिला. अकरा ओळी. माझे वडील करवतींना धार लावत, तेच लिहिले. शब्द अडला की चुलतभावाला विचारायचो, तो वर्गात पहिला होता आणि माझ्याच बाकावर बसायचा. कानशीला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यानेच सांगितले. म्हणजे मी लिहिताना तो शेजारी होता, हे ध्यानात ठेवावे.

सरांनी मला उभे केले. ‘हा कुठून उतरवलास?’

‘मी लिहिला, सर.’

‘एक्केचाळीस जणांचं जुळतंय. तुझ्या एकट्याचंच जुळत नाही. म्हणजे तू दुसरीकडून उतरवलास. बरोबर?’

हा हिशेब त्या वर्गात कोणालाही चुकीचा वाटला नाही. फळ्यावरून उतरवणारे एक्केचाळीस प्रामाणिक, आणि चोर मी.

मग सरांनी चुलतभावाला विचारले, ‘तू याच्या घरी जातोस. यानं लिहिलाय?’

तो उठला, शर्ट खाली ओढला आणि म्हणाला, ‘नाही सर. घरी कसलंतरी जुनं पुस्तक आहे, त्यातून.’ पुढच्या आठवड्यात तपासणीसाहेबांपुढे कोणा एकाचा निबंध वाचायचा होता. दुसरे कारण मला आजवर सापडलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी वडिलांना बोलावले आणि कागद त्यांच्या हातात दिला. वडिलांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी तो पुतण्यापुढे धरला. ‘काय लिहिलंय रे?’

तो म्हणाला, ‘काका, तुमची टिंगल केलीय. तुमच्या बहिऱ्या कानाची.’

वडिलांनी मला एक्केचाळीस पोरांसमोर मारले. मला लागले त्याचे काही नाही. ज्या हाताने मारले, त्या हाताचीच गोष्ट त्या कागदात लिहिली होती. त्यानंतर मी शाळेत गेलो नाही. वडील तीन वर्षांनी वारले. त्या तीन वर्षांत ते माझ्याशी बोलले, पण कामापुरते. मी दोनदा सांगायला गेलो. ‘पुरे’ म्हणाले आणि कानस उचलली. कानशीच्या आवाजापुढे कोणाचे चालत नाही.

आईलाही तेच माहीत आहे, की पोराने बापाची टिंगल लिहिली. मला एवढेच हवे आहे: आईने खरे ऐकावे, आणि ते त्याच्या तोंडून ऐकावे. माझ्या तोंडून नको. चोराची सफाई कोण ऐकतो?

मागच्या महिन्यापर्यंत मी हे गिळून होतो. मग भाचीने फोनवर निबंध म्हणून दाखवला. ती सातवीत आहे, त्याच्याच क्लासला जाते. माय फादर इज अ डॉक्टर. पाच वाजता उठतात, गुलाब, सगळे तसेच.

मी म्हटले, ‘अगं, तुझा बाबा ट्रक चालवतो.’

‘मामा, ते घरी. क्लासमध्ये सगळ्यांचे बाबा डॉक्टरच असतात.’

तेव्हा ठरवले.

५. ~~माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत~~ (खोडले, शेजारी माझी सही आहे. कारण असे: हे मृत्युपत्र अमलात आणायचे काम मी ताईकडे, म्हणजे भाचीच्या आईकडे, दिले आहे, म्हणून तिला फोनवर वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘शहाण्या, तू मेल्यावर तो बोलणार आणि तू ऐकणार कुठून? जिवंतपणी वसूल कर की.’ मला हे सुचले नव्हते.)

म्हणून अट आता अशी: येत्या रविवारी दुपारी, क्लास भरलेला असताना, आईला पुढच्या खुर्चीत बसवून, चुलतभावाने माझ्या अकरा ओळी इंग्रजीत वाचाव्यात, प्रत्येक ओळीचा अर्थ आईला कळेल अशा भाषेत सांगावा, आणि त्या दिवशी तो काकांना काय म्हणाला तेही सांगावे. फोन चालू ठेवावा. हे केले तर खोली त्याला. नाही केले तर सोमवारी त्याची पाटी उतरवावी आणि खोली ताईला.

चोराला बक्षीस का, असे ताईने विचारले. उत्तर: त्याच्या सचोटीवर माझा विश्वास नाही, त्याच्या हावरेपणावर आहे.

अकरा ओळी ताईला पाठवल्या आहेत. मला त्या तोंडपाठ आहेत. पाठांतर जमत नाही म्हणणाऱ्यांनी हेही लिहून घ्यावे.

६. (हे कलम रविवारी दुपारी लिहिले.)

ताईने अट कळवल्यावर त्याने शनिवारी फोन केला. ‘अरे, काकूंना मी बाजूला घेऊन सांगतो ना. पोरांसमोर कशाला? माझी काही इज्जत आहे.’

मी म्हटले, ‘माझीही होती. एक्केचाळीस जणांसमोर होती.’

‘आपण लहान होतो रे.’

‘लहान होतास म्हणून खोली देतोय. मोठा असतास तर दगड दिला असता.’

आज त्याने वाचले. फोन भाचीने धरला होता. त्याचे उच्चार फार चांगले आहेत, हे मला मान्य करावे लागते. ‘माझे वडील डॉक्टर नाहीत. ते करवतींना धार लावतात. कानशीच्या आवाजाने त्यांचा डावा कान गेला, म्हणून मी नेहमी उजव्या बाजूला उभा राहतो.’ इथे तो भरभर वाचू लागला. ताईकडच्या ओळी आधीच वाचलेली भाची म्हणाली, ‘सर, एक ओळ गाळलीत.’ पोरे खुसखुसली. त्याने मागे जाऊन ती वाचली. ‘एक दात चुकला तर ते सगळी करवत पुन्हा घासतात. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. त्यांच्या हाताला कळतो. मला तसे हात हवेत.’

अकराव्या ओळीनंतर आईने विचारले, ‘आणि तू ह्यांना काय सांगितलंस?’

‘टिंगल केलीय, असं म्हणालो, काकू.’

‘आणि ते गेले तेव्हा त्यांच्या मनात हेच?’

‘...हो.’

मग आई फोनजवळ आली. ‘बाळा, तू याला काय कबूल केलंयस?’

‘खोली. खरं बोलला तर.’

‘बोलला. मग द्यायची. शब्द म्हणजे शब्द. पण लिही, मी जिवंत आहे तोवर ताबा माझा. सगळ्या खोलीचा. पुढच्यासुद्धा. लिहिलंस?’

‘लिहितोय.’

‘लिहून झाल्यावर सांग.’

तिच्या सांगण्यावरून लिहितो की, वरील खोली चुलतभावाला दिली, परंतु आई हयात असेतो संपूर्ण ताबा आईचा, आणि तिथे कोणी बसावे व कोणी बसू नये हे तिने ठरवावे. याविरुद्ध कोणाची तक्रार चालणार नाही.

‘झालं, आई.’

मग ती त्याच्याकडे वळली. आवाज चढवला नाही. ‘बाकं बाहेर काढ. पाटी आधी. आणि माझं वय मोजत बसू नकोस, माझी आई ब्याण्णव वर्षांची होऊन गेली.’

हे सर्व वाचून, समजून, आज रविवारी, कामगारांच्या निवासातल्या चौदा नंबरच्या खोलीत सही केली.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. पाळण्याची कळ चालवणारा (सही). सोमवारी कळ त्याच्याच हातात आहे.
२. भटारखान्यातला आचारी (अंगठा). त्याला मजकूर वाचून दाखवला. शेवटच्या कलमाला तो हसला. माझी हरकत नाही.