एकाच छिद्रातून

१८ नोव्हेंबर
मिरजेत आले, आणि आल्या आल्या मजाच! खोलीच्या खाली तंबोऱ्यांना तारा चढवतात, त्यामुळे दिवसभर सूर कानावर. दवाखान्यात विश्वजित सरांच्या हाताखाली रुजू झाले. पित्ताशय काढण्याच्या दोन पद्धती ते ताडून पाहताहेत. नेहमीची, पोटावर चार छोटी छिद्रं पाडून; आणि नवी, फक्त बेंबीतल्या एका छिद्रातून, जिचा व्रणही दिसत नाही. चार छिद्रांत हात मोकळे राहतात, आतलं स्पष्ट दिसतं. एकात दुर्बीण आणि अवजारं एकमेकांना अडवतात. पण सरांचा हात काय सफाईचा! सांगलीला आईला फोन करून तासभर तेच सांगत होते.

२६ नोव्हेंबर
औंधच्या हरणाबाई. पित्ताशयात खडे, भरपूर सूज. टेबलावर घेताना माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, भोक एक पाडा न्हाईतर चार, पर माझ्या लेकाची रजा संपायच्या आत मला उभी करा." लेक नाथाजी, फौजेतला.

सरांनी एकच छिद्र घेतलं. आत सगळं चिकटलेलं, नळ्या ओळखू येईनात. अजून दोन छिद्रं पाडू या, असं मी म्हटलं. कुणीही पाडली असती. मग ही केस एका छिद्राच्या फसलेल्यांत धरावी लागेल, असं सर हळूच म्हणाले. कापायची नळी मला जाड वाटली. तसं बोललेही. दुर्बीण हलवू नकोस, एवढंच उत्तर मिळालं. त्यांनी नळीला क्लिप लावली आणि नळी कापली.

३० नोव्हेंबर
यकृतातून आतड्याकडे जाणारी मुख्य नळीच कापली गेलीय! हरणाबाई पिवळ्याधमक. नाथाजीने सरांना गाठलं. "आवं डॉक्टर, आईचं डोळं हळदीवानी झाल्यात, आन् तुमी म्हंता बरी हाय?" तिचं यकृत आधीपासूनच खराब होतं, असं सर त्याला तोंडावर सांगतात! चीड आली. मी नाथाजीला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. ताबडतोब पुण्याला हलव म्हटलं.

१ डिसेंबर
कराड ओलांडल्यावर गाडीतच गेल्या.

५ डिसेंबर
तक्रार केली. चौकशी समिती नेमली, अध्यक्ष विश्वजित सर! परवा साताऱ्याच्या डॉक्टरांपुढे भाषण ठोकून आले: एका छिद्राने एकाही रुग्णाला इजा नाही. टाळ्या पडल्या म्हणे. हरणाबाई त्यांच्या हिशेबात यकृताच्या आजाराने गेल्या. सर समोर आले की ओरडावंसं वाटतं.

९ डिसेंबर
आज एक तरुण शिक्षिका. पोटाला आजवर सुरी लागलेली नाही. बेंबीतून दुर्बीण घातली आणि पडद्यावर तेच चिकटलेलं मांस. तीच क्लिप. तीच कापलेली नळी, पित्त गळणारी.

सरांचा हात थांबला. काच पुसायला लावली. पुन्हा तेच. पडदा बदलला. तेच. मी चार छिद्रं घेतली, तर आत सगळं स्वच्छ, तिचं स्वतःचं. पित्ताशय सहज निघालं.

काहीच दिसलं नाही, असं सर म्हणतात. खोटारडा माणूस.

११ डिसेंबर
पुन्हा एकाच छिद्राचा हट्ट. रुग्ण कुपवाडचा पैलवान. आत हरणाबाई. नळीचं तोंड आमच्याकडे वळलं — सर्वांदेखत वळलं. भूलतज्ज्ञ पळाले. पोट बंद करा म्हणून मी ओरडले —

१३ डिसेंबर
सरांच्याच पोटात कळा. खडे. डोळे पिवळे. कुणी हात लावायला तयार नाही, म्हणून मी. आणि हा माणूस मला म्हणतो, "चार छिद्रं घे, प्राची."

चार! स्वतःसाठी चार! हरणाबाईंना का नाही, असं विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

१४ डिसेंबर
चारही छिद्रांतून तेच. शेवटी पोट उघडलं. उघड्या डोळ्यांनी — पित्ताशय नाही. क्लिप आहे. कापलेली नळी. यांच्या पोटाला आजवर कुणी सुरी लावलेली नाही — शिवून टाकलं. दुसरं काय —

१५ डिसेंबर, दुपार
सर शुद्धीवर आले. आवाज त्यांचा नाही. बाईचा. नाथाजी कवा यायचा, विचारतायत —

दार ओढतेय. उघडत नाही. बाहेर माणसं बोलतायत, माझी हाक कुणाला —

सर उठून बसले. चादर काढली. मी घातलेले टाके नाहीत. व्रण नाही. कातडी गुळगुळीत. फक्त बेंबी — रुंद होतेय — आतून बोटं —